भॉक आणि भीती

गेल्या मे महिन्यात आम्ही घरातली नऊ माणसं दोन दिवसांसाठी मनोरीला गेलो होतो. मालवणीतून रिक्षाने मार्वे, मार्व्याहून बोट, आणि खाडी ओलांडली की मनोरी. बोटीला दहा मिनिटंही लागत नाहीत. पण पलीकडे उतरल्यावर नारळाची झाडं, वाळत घातलेली मासळी, ईस्ट इंडियन घरांच्या अंगणातले क्रूस, आणि रात्री असा काळोख की आमच्या मालवणीच्या मुलांनी तो कधी पाहिलेलाच नव्हता.

पहिल्याच रात्री लाईट गेली. माझा चौदा वर्षांचा मुलगा आणि बहिणीचा दहा वर्षांचा मुलगा पलंगावर पालथे पडून मोबाईलवर ‘ग्रॅनी’ नावाचा गेम खेळत होते. एका बंद घरात तुम्ही अडकलेले असता. घरात एक म्हातारी फिरत असते. तिला सगळं ऐकू येतं. हातातली वस्तू पडली, फळी करकरली, की ती येते. बाहेर पडायला तुमच्याकडे पाच दिवस असतात. म्हातारी एकदम समोर आली की भाचा किंचाळायचा आणि लगेच खदाखदा हसायचा.

“ही स्वस्तातली युक्ती आहे,” माझा मुलगा त्याला म्हणाला. “नुसते जंप स्केअर. खरा हॉरर गेम असा नसतो.”

“पण मजा तर त्यातच आहे ना! मामू, तुम्ही सांगा.”

मला आधी जंप स्केअर म्हणजे काय तेच समजावून घ्यावं लागलं. समजलं तेव्हा हसू आलं. म्हणजे भॉक! दाराआड लपायचं, कुणी आलं की एकदम समोर उडी मारून ‘भॉक’ करायचं. हा खेळ कुणी कुणाला शिकवलेला नसतो, तरी तो प्रत्येक पिढीला येतो.

मी दोघांना काही उत्तर देणार, तेवढ्यात भाचा गुपचूप बाहेर गेला आणि त्याने बाहेरून दारावर दोन्ही मुठींनी धडाधड थापा मारल्या. सगळे दचकले, मग हसले. अम्मी हसली नाही. ती कोपऱ्यात तसबीह घेऊन बसली होती. तसबीह हातातून पडली. ती ओरडली नाही, उठलीही नाही. भिंतीला पाठ लावून हळू आवाजात एवढंच म्हणाली, “दार उघडू नका.”

त्या थापांकडे मी शेवटी येईन. आधी त्या दोन मुलांच्या भांडणाचं बघू. भॉकमुळे भीतीचा खेळ चांगला होतो की बिघडतो? मी इतिहास आणि भाषा शिकवणारा माणूस, गेममध्ये पक्का नाही. पण हा वाद गेमच्या कितीतरी आधीचा आहे, आणि त्याची सुरुवात शोधायला फार लांब जावं लागत नाही. मनोरीहून परत बोट पकडून मालाडला उतरलं तरी पुरे.

मालाड पश्चिमेला एके काळी बॉम्बे टॉकीज होतं. हिमांशु राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली ही कंपनी काढली. आज त्या आवारात छोट्या कारखान्यांची गर्दी आहे. याच बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ १९४९ साली आला. दिग्दर्शक कमाल अमरोही. अमरोह्याचा हा माणूस मुळात उर्दूचा लेखक होता, आणि दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट. अशोक कुमार एका जुन्या हवेलीत राहायला येतो, भिंतीवरच्या तसबिरीत त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो, आणि मग रात्री गाणं ऐकू येऊ लागतं. गाणारी मधुबाला कधी झोपाळ्यावर दिसते, कधी नावेत दिसते, आणि जवळ गेलं की नसते.

‘महल’मध्ये भॉक जवळजवळ नाहीच. पडद्यावरून अंगावर काही धावून येत नाही. जे येतं ते लांबून, हळूहळू येतं. त्या गाण्याची एक गोष्ट लता मंगेशकरांनी स्वतः सांगितलेली आहे. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटायला हवं होतं, आणि तसं करून देणारी यंत्रं तेव्हा नव्हती. मग माईक खोलीच्या मधोमध ठेवला. लताबाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि गाता गाता पावलं टाकत माईककडे चालत आल्या. संगीत खेमचंद प्रकाश यांचं होतं. चित्रपट लागायच्या आधीच ते गेले. सुरुवातीच्या तबकडीवर गायिकेचं नाव म्हणून चित्रपटातल्या पात्राचंच नाव होतं, कामिनी. म्हणजे लोकांनी ते गाणं घरी आणलं तेव्हाही ते नेमकं कोण गातंय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ते चालत येणं मला फार महत्त्वाचं वाटतं. कुणीतरी येतंय हे कळतं, पण कुठवर आलंय ते कळत नाही, आणि भीती या दोन्हींच्या मधल्या जागेत राहते. उर्दूत चौंकना वेगळं आणि खौफ वेगळा. मराठीतही दचकणं वेगळं, भिणं वेगळं. दोन्ही भाषांनी हा फरक सांभाळून ठेवलाय. आपण मात्र हॉरर हा एकच शब्द घेतला आणि दोन्ही त्यात कोंबली.

भॉकचाही स्वतःचा इतिहास आहे, आणि तो कमी दर्जाचा नाही. १९४२ साली अमेरिकेत ‘कॅट पीपल’ नावाचा कमी खर्चाचा चित्रपट निघाला. एक बाई रात्री रस्त्याने एकटी चालली आहे. मागून पावलं ऐकू येतात, मग ऐकू येत नाहीत. ती भराभर चालू लागते. आता काहीतरी झडप घालणार, असं वाटत असतानाच फिस्सकन मोठा आवाज होतो. पाहावं तर बस येऊन थांबलेली असते. निर्माता व्हॅल ल्यूटन यांच्या नावावरून सिनेमावाले आजही अशा दचक्याला ‘ल्यूटनची बस’ म्हणतात. लक्षात घ्या, तिथे धोका काहीच नव्हता, साधी बस होती. पण आधीची दोन मिनिटं पाहणाऱ्याने श्वास धरून काढलेली होती. ती दोन मिनिटं काढून टाका, उरते फक्त बस.

आपल्याकडे भॉक गावोगावी पोचवला तो रामसे बंधूंनी. वडील एफ. यू. रामसे यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं. त्यांचा १९७० सालचा एक चित्रपट पडला, पण त्यात मुखवटा घालून पृथ्वीराज कपूर चोरी करतात तो प्रसंग लोकांना आवडला, आणि तेवढ्यासाठी लोक थेटरात येतात हे मुलांच्या लक्षात आलं. मग सात भावांनी कामं वाटून घेतली. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, गंगू कॅमेरा, किरण आवाज. सगळं कुटुंब महाबळेश्वरला गेलं आणि १९७२ साली ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ आला.

त्या नावाबद्दल थोडं सांगायला हवं. बहादूरशहा जफरच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध गझलेत ते शब्द येतात. रंगूनच्या कैदेत १८६२ साली मेलेल्या बादशहाचं दुःख असं की पुरायला आपल्या मुलखात दोन यार्ड जमीनही मिळाली नाही. रामसेंनी ती दोन यार्ड घेतली आणि तिच्यातून मढं वर काढलं! मला आधी सिनेमाचं नाव माहीत होतं, जफर नंतर शाळेत भेटला. आज वर्गात जफर शिकवताना मला अजूनही आधी ते पोस्टर आठवतं, याची थोडी लाज वाटते.

रामसेंचे सिनेमे आम्ही भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिले. चाळीत एकाच्या घरी वीस-पंचवीस पोरं. वीज कडाडायची, दार आपोआप उघडायचं, खांद्यावर अचानक हात पडायचा आणि वळून पाहिलं तर मित्रच असायचा. कबर फुटून हात बाहेर आला की आजूबाजूची पोरं डोळे झाकायची. मला आणि माझ्या भावाला मात्र त्या हाताचं काहीच वाटायचं नाही. कारण साधं होतं. शब-ए-बरातला अब्बा आम्हाला रात्रीच कब्रस्तानात घेऊन जायचे. अगरबत्त्यांचा वास, फुलं, फातिहा पढणारी माणसं. कब्रस्तान म्हणजे दादा झोपलेत ती जागा. तिथून हात बाहेर आला तर तो दादांचाच असणार, आणि दादांच्या हाताला काय भ्यायचं?

पण त्याच रामसेंनी मला एकदा खरोखर भ्यायला लावलं, आणि तेही सिनेमा संपल्यावर. माझं आजोळ मुरुडचं. तिथे गावाबाहेर समुद्राच्या बाजूला जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचा राजवाडा आहे. रामसेंनी १९८४ च्या ‘पुराना मंदिर’साठी तो वापरला. अनिरुद्ध अग्रवाल नावाच्या उंच नटाने त्यात सामरी रंगवला होता. मुंबईत पाहताना सामरीला मी हसलो होतो. पुढच्या सुट्टीत मुरुडला गेलो आणि संध्याकाळी मामांच्या सायकलवर मागे बसून वाड्याखालून जाताना वर पाहिलं. खिडक्या बंद. कुणी नाही. आवाज फक्त समुद्राचा. सामरी आला नाही, म्हणूनच मी भ्यालो. मामांची पाठ इतकी घट्ट धरली की ते म्हणाले, “अरे, पाडशील मला!”

असं का होतं? याचा थोडा खुलासा विज्ञानात मिळतो. चार्ल्स डार्विनने १८७२ साली माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावनांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्याने स्वतःवर केलेला एक प्रयोग आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पफ ॲडर या विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेला त्याने तोंड लावलं आणि पक्कं ठरवलं की साप झेपावला तरी हलायचं नाही. साप झेपावला. डार्विन क्षणात यार्ड-दोन यार्ड मागे! काच आहे हे त्याला ठाऊक होतं, पण ते ठाऊक असण्याचा काही उपयोग झाला नाही. दचकणं हे विचाराच्या आधीचं काम आहे. डोळे मिटतात, मान आखडते, खांदे वर जातात, मग डोकं विचारतं की काय झालं.

म्हणून भॉक सोपा. त्याला गोष्ट लागत नाही, पात्र लागत नाही, फक्त मोठा आवाज आणि नेमकी वेळ लागते. पण तोच आवाज पुन्हा पुन्हा केला की शरीर त्याला सरावतं. आठव्या वेळी खांदे वर जात नाहीत. रामसेंचे सिनेमे पुढेपुढे आम्हाला विनोदी वाटू लागले ते यामुळेच.

आता दुसरी बाजू. १९५१ साली अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केला. आधी उंदरांना अमुक खूण झाली की झटका बसतो हे शिकवलं. मग त्यांना मोठा आवाज ऐकवला, कधी त्या खुणेबरोबर, कधी खुणेशिवाय. खूण असताना उंदीर जास्त जोरात दचकले. म्हणजे आवाज तोच, पण आधी भ्यालेला जीव जास्त दचकतो. मला वाटतं माझ्या मुलाच्या आणि भाच्याच्या भांडणाचं अर्धं उत्तर इथे आहे. भॉक भीती निर्माण करत नाही. आत असलेली भीती तो फक्त बाहेर काढतो. आत काही नसेल तर बाहेर येतं ते हसू.

पुस्तकाला तर भॉक करताच येत नाही. कागद अंगावर उडी मारत नाही. तरी नारायण धारपांनी आणि रत्नाकर मतकरींनी मराठी वाचकाच्या दोन-तीन पिढ्यांची झोप उडवली. माझ्या बी.एड.च्या वर्षी वसतिगृहात धारपांचं एक फाटकं पुस्तक खोल्याखोल्यांतून फिरत होतं, आणि ते वाचणारा प्रत्येक जण रात्री पाणी प्यायला जाताना कुणाला तरी उठवायचा. २०१८ साली आलेला राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ याच परंपरेतला. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, आणि गोष्टीची प्रेरणा धारपांची. त्यात दचके आहेत. हस्तर झडप घालतो तेव्हा माणूस खुर्चीत हलतो. पण घरी आल्यावर आठवतो तो न थांबणारा पाऊस, साखळीत बांधलेली आजी, आणि नाण्यांसाठी पुन्हा पुन्हा त्या गर्भात उतरणारा विनायक. हाव संपत नाही, हे तिथलं भय. हस्तर त्याच्यावर फक्त शिक्का मारतो.

आता गेमकडे येऊ. मुलाला विचारून, थोडं खेळून, थोडं दुसऱ्यांना खेळताना पाहून मी एवढं शिकलो. १९९६ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने ‘रेझिडेंट ईव्हिल’ काढला. त्यात एक अरुंद गल्ली आहे, बाजूला खिडक्या. खेळणारा तिथून चालला की काच फोडून कुत्रा आत उडी मारतो. जगभरच्या खेळणाऱ्यांना तो क्षण पाठ झाला. सहा वर्षांनी, २००२ साली, तोच गेम नव्याने केला. दिग्दर्शक तेच, शिंजी मिकामी. त्यांना ठाऊक होतं की जुने खेळणारे त्या गल्लीत कुत्र्याची वाट बघत येणार. म्हणून पहिल्या वेळी काचेला फक्त तडा जातो. कुत्रा येत नाही. खेळणारा पुढे जातो, पण आता त्या गल्लीतून परत यायचंय हे त्याच्या डोक्यात राहतं. कुत्रा येतो तो नंतर.

माझ्या मते हा तडा म्हणजे या सगळ्या वादाचा निकाल आहे. मिकामींनी भॉक काढून टाकला नाही. त्यांनी त्याला थांबायला लावलं.

स्कॉट कॉथन यांचा २०१४ सालचा ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ भॉकसाठी बदनाम आहे. पण मुलाने तो मला दाखवला तेव्हा मी वेगळंच पाहिलं. तुम्ही रात्रपाळीचे वॉचमन. कॅमेऱ्यांवर बाहुल्या दिसतात, एका क्षणी इथे, पुढच्या क्षणी नाहीत. दार बंद केलं तर वीज खर्च होते, आणि उरलेल्या विजेचा आकडा समोर कमी कमी होत जातो. बाहुली तोंडावर येऊन किंचाळते ती तुम्ही हरल्यावर. म्हणजे भॉक हा दंड आहे. भीती आहे ती त्या घसरत्या आकड्यात. उलट २०१० सालच्या स्वीडनच्या ‘ॲम्नेशिया’त हातात हत्यारच दिलेलं नाही. फक्त कंदील, आणि त्याचं तेल संपत जातं. लपायला अंधार हवा, पण अंधारात फार वेळ बसलं की गड्याचं डोकं फिरायला लागतं. तिथे कुणी ओरडलं नाही तरी हात घामेजतात.

सिनेमात आणि गेममध्ये एक फरक मात्र आहे. सिनेमात डोळे मिटले तरी सिनेमा पुढे जातो. गेममध्ये दार तुम्हालाच उघडावं लागतं. त्यामुळे गेमला धाक दाखवायला भॉकची गरज सिनेमापेक्षा कमी, आणि योग्य जागी पडलेला एक भॉक सिनेमापेक्षा भारी. ज्या गेममध्ये दर दोन मिनिटांनी काहीतरी किंचाळतं तिथे खेळणारा दार उघडण्याआधीच आवाज बारीक करतो. मग भीतीही गेली आणि खेळही. मुलगा म्हणाला ते एवढ्यापुरतं खरं. पण भाच्याचंही सगळं चूक नाही. दचकून हसण्यात, आपण सुखरूप आहोत हे कळण्यात मजा आहे, आणि दहा वर्षांच्या मुलाला ती हवी असते.

आता मनोरीच्या त्या दाराकडे. जानेवारी १९९३ मध्ये मी शाळकरी मुलगा होतो. मुंबई पेटलेली होती. आमच्या चाळीत रात्री दिवे घालवून सगळे जागे बसायचे. अब्बांनी कपाट ओढून दाराला लावलं होतं. तिसऱ्या रात्री दारावर थापा पडल्या. आम्ही श्वास धरला. अम्मीने आम्हा दोघा भावांच्या तोंडावर हात ठेवले. थापा मारणारे खालच्या मजल्यावरचे मराठी शेजारी होते, दूध आणि पाव घेऊन आलेले. हे कळायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. दूध आत आलं, आम्ही प्यायलो. अम्मीने मात्र त्या रात्री तोंडाला काही लावलं नाही.

त्याच वर्षी झी टीव्हीवर रामसेंचा हॉरर शो सुरू झाला. शेजारी लागायचा. तो लागला की अम्मी उठून घरी यायची. मला वाटायचं, ती भुतांना भिते. मनोरीच्या रात्री, एवढ्या वर्षांनी, मला समजलं की त्या मालिकेत दारं फार वाजायची.

तो उंदरांचा प्रयोग माझ्या घरातच झालेला होता. भाच्याने मारलेल्या थापा आम्हा सगळ्यांसाठी सारख्याच होत्या. फक्त तिच्या आत जे होतं ते आमच्या आत नव्हतं.

अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात एक प्रसंग आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यासोबत काही सहाबी प्रवासात होते. एकाला झोप लागली. सोबत्यांनी गमतीत त्याची दोरी उचलली, आणि तो जागा होऊन घाबरला. पैगंबरांनी सांगितलं की मुसलमानाने मुसलमानाला घाबरवणं हलाल नाही. दोरीच ती, कुणाला काही इजा झाली नव्हती. तरीही. मी ही हदीस माणसाने माणसाला घाबरवण्याबद्दलच समजतो, आणि वर्गातही तशीच सांगतो.

गेम विकत घेणाऱ्याने किंवा डाऊनलोड करणाऱ्याने आधीच म्हटलेलं असतं, मला घाबरव. तो केव्हाही बंद करू शकतो. त्यामुळे तिथला भॉक चांगला की वाईट, हा कारागिरीचा प्रश्न आहे. दाराबाहेरून थाप मारणाऱ्याने आतल्या माणसाला विचारलेलं नसतं, आणि आत कोण कोणती रात्र घेऊन बसलंय हे त्याला माहीत नसतं.

हे सगळं मी भाच्याला त्या रात्री सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की नानीला दाराच्या आवाजाचा त्रास होतो. सकाळी आम्ही बंदरावर बोटीची वाट बघत होतो. अम्मी बाकावर बसली होती. भाचा मागून आला, चार पावलांवर थांबला आणि म्हणाला, “नानी, मी येतोय हं.”

मग तिच्या शेजारी जाऊन बसला.